ज्यांच्या पेटीतला मध आपण खातो, ते लँगस्ट्रॉथ कोण होते?

सांगलीत विश्रामबागेतल्या एखाद्या दुकानातून महाबळेश्वरच्या मधाची बाटली घ्या आणि उजेडासमोर धरा. मध आरपार दिसतो. त्यात मेणाचा तुकडा नसतो, अळी नसते. आता यात विशेष काही वाटत नाही. पण डोंगरातून खाली येणारा मध पूर्वी असा नसायचा. रात्री पलिता पेटवून धूर करायचा, माश्या हाकलायच्या, पोळं कापायचं आणि फडक्यात घालून पिळायचं. मधाबरोबर अळ्या, अंडी, पराग असं सगळंच त्यात उतरायचं. माश्यांच्या वसाहतीचं काय व्हायचं ते सांगायला नको.

आज पोळं पिळावं लागत नाही. मधपाळ पेटीचं झाकण उघडतो, मधाने भरलेली लाकडी चौकट अलगद वर उचलतो, माश्या झटकतो, मध काढणी यंत्रात चौकट फिरवून मध काढतो आणि तीच चौकट पुन्हा पेटीत ठेवतो. माश्या त्याच पोळ्यात पुन्हा मध भरू लागतात. जत, आटपाडी, खानापूरकडे डाळिंबाचा बहार धरला की परागीभवनासाठी बागेत पेट्या आणून ठेवतात. काम झालं की त्या टेम्पोत घालून दुसरीकडे नेतात. हेही त्या सुट्या चौकटींमुळेच जमतं.

ही चौकट पेटीच्या भिंतीला चिकटत का नाही, या एका प्रश्नाचं उत्तर ज्यांनी शोधलं ते होते अमेरिकेतले एक धर्मोपदेशक, लोरेन्झो लॉरेन लँगस्ट्रॉथ. जगभरात त्यांच्या नावाच्या पेट्या आहेत. त्यांना स्वतःला मात्र त्यातून फारसं काही मिळालं नाही, आणि आयुष्यातली कित्येक वर्षं तर माश्यांकडे बघणंही त्यांना सहन होत नव्हतं.

मुंग्या बघणारा मुलगा

लँगस्ट्रॉथ यांचा जन्म २५ डिसेंबर १८१० चा, फिलाडेल्फियाचा. लहानपणापासून किड्यामुंग्यांचं वेड. मुंग्या कुठून येतात, काय उचलतात, कुठे नेतात हे बघत हा मुलगा खडीच्या वाटेवर तासन्तास गुडघे टेकून बसायचा. पँटी गुडघ्यावर फाटायच्या आणि त्यावरून घरी मारही बसायचा. त्या काळच्या शहाण्यासुरत्या घरांत किडे बघणं हा काही अभ्यास मानला जात नव्हता. (आजही किती घरांत मानला जातो, हा वेगळा विषय.)

पुढे ते येल कॉलेजात शिकले, १८३१ मध्ये पदवीधर झाले, धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि काही काळ तिथेच गणित शिकवलं. येलमध्ये असताना किडे पूर्णपणे मागे पडले होते. १८३६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावच्या चर्चमध्ये ते पाळक झाले आणि त्याच वर्षी ॲना टकर यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

माश्या आयुष्यात आल्या त्या १८३८ च्या उन्हाळ्यात. एका ओळखीच्या माणसाकडे ते गेले होते. दिवाणखान्यातल्या टेबलावर एक मोठं काचेचं भांडं होतं आणि त्यात माश्यांनी बांधलेलं, मधाने भरलेलं पोळं. लँगस्ट्रॉथ बघतच राहिले. यजमानांनी त्यांना वर माळ्यावर नेऊन माश्या दाखवल्या. त्याच संध्याकाळी ते घरी परतले तेव्हा माश्यांच्या दोन वसाहती विकत घेऊन आले होते.

डोक्याचा त्रास

लँगस्ट्रॉथ यांना एक आजार होता. ते स्वतः त्याला डोक्याचा त्रास म्हणत. आजचे डॉक्टर बहुधा गंभीर नैराश्य म्हणतील. झटका आला की आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने ते कामातून जात. बोलणं नको, माणसं नकोत, पुस्तकं नकोत. ज्या गोष्टींत एरवी जीव रमायचा, नेमक्या त्याच तेव्हा छळायच्या. त्यात माश्या पहिल्या. अशा दिवसांत त्यांना माश्यांचा विषयही नको असायचा.

याच आजारामुळे चर्चचं काम पुन्हा पुन्हा सोडावं लागलं. अँडोव्हरचं पद गेलं, मग ग्रीनफिल्डला मुलींच्या शाळेत शिकवलं, पुन्हा चर्च धरलं, पुन्हा सोडलं. १८४८ मध्ये ते फिलाडेल्फियाला आले आणि मुलींची शाळा काढली. मोकळ्या हवेत काम केलं की थोडं बरं वाटतं हे त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून माश्यांच्या पेट्या वाढवल्या. म्हणजे मधमाशीपालनाच्या इतिहासातला हा मोठा शोध औषध म्हणून धरलेल्या छंदातून आला. एरवी माश्यांचा तिटकारा आणणारा आजार आणि माश्यांकडे नेणाराही तोच. ही गुंतागुंत त्यांच्या चरित्रातून काढता येत नाही.

नेमकी अडचण काय होती?

हे समजून घेतल्याशिवाय त्यांचं श्रेय कळणार नाही. युरोप-अमेरिकेत तेव्हा माश्या बहुतेक गवताच्या टोपल्यांत, पोकळ ओंडक्यांत किंवा साध्या खोक्यांत पाळत. आत माश्या हव्या तशा पोळी बांधत आणि ती भिंतींना घट्ट चिकटवत. मध हवा असेल तर पोळी कापायची. अनेक ठिकाणी शरद ऋतूत सर्वात वजनदार टोपली निवडून तिच्याखाली गंधक जाळत, माश्या मारत आणि मग मध काढत. आत राणी आहे की नाही, आजार आहे की नाही, हे कळायला मार्गच नव्हता.

सुधारणा करणारे बरेच होते. जिनिव्हाचे फ्रान्स्वा ह्युबर तरुणपणीच अंध झाले होते. तरीही बुर्नान्स नावाच्या नोकराच्या डोळ्यांनी त्यांनी माश्यांचं आयुष्य अभ्यासलं. पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी त्यांनी केली होती. युक्रेनचे प्रोकोपोविच १८१४ च्या सुमारास चौकटी वापरत होते. सायलेशियातले पाद्री योहान झिएरझोन वरच्या पट्ट्यांवर पोळी बांधून घेत. पट्ट्यांच्या या पेट्यांत मुख्य कटकट अशी की पोळं पट्टीला लटकलेलं असलं तरी दोन्ही बाजूंनी माश्या ते भिंतीला जोडत. प्रत्येक वेळी पेटी उघडायची तर सुरीने दोन्ही कडा कापा, मध सांडू द्या, माश्या चिरडू द्या आणि चिडलेल्या माश्यांचे डंख खा.

लँगस्ट्रॉथही पट्ट्यांचीच पेटी वापरत होते. तिच्यात त्यांनी एक छोटा बदल केला होता. पट्ट्या आणि वरचं झाकण यांच्यात साधारण ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर जागा मोकळी सोडली. त्यामुळे झाकण माश्यांच्या डिंकाने चिकटायचं बंद झालं आणि सहज निघू लागलं. सोय झाली एवढंच तेव्हा वाटलं.

१८५१ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस एका संध्याकाळी पेट्यांचं काम आटोपून घरी चालत येताना त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. झाकणाखाली जेवढी जागा सोडली, तेवढीच जर पोळ्याच्या चारी बाजूंना सोडली तर? पट्टीला खाली पूर्ण लाकडी चौकट जोडायची आणि ती पेटीत अशी टांगायची की भिंतीला कुठेच लागू नये. भर रस्त्यात आनंदाने ओरडायचं त्यांनी कसंबसं टाळलं, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. घरी जाऊन रोजनिशीत त्यांनी कल्पना टिपली.

हे चालतं कसं? मधमाशीला आपल्या घरात ये-जा करायला ठरावीक रुंदीची गल्ली लागते. साधारण ६ मिलिमीटरपेक्षा अरुंद फट तिला निरुपयोगी वाटते, ती झाडांचा डिंक आणून बुजवते. साधारण साडेनऊ मिलिमीटरपेक्षा रुंद जागा तिला वाया गेलेली वाटते, तिथे ती मेणाचं पोळं बांधते. या दोन्हींच्या मधली जागा मात्र ती मोकळी ठेवते, कारण ती तिची वाट असते. लँगस्ट्रॉथनी माश्यांना काही शिकवलं नाही, त्यांच्या सवयीच्या मापाने पेटी बेतली. लाकडाचं काम एवढंच. मोठमोठ्या अभ्यासकांच्या हाताखालून ही गोष्ट निसटली होती, आणि सापडल्यावर ती इतकी साधी वाटली की पुढे कोर्टात त्यांच्याविरुद्ध नेमका हाच मुद्दा वापरला गेला.

पेट्या, पुस्तक आणि एका अनुवादाचा त्याग

फिलाडेल्फियातले हेन्री बोर्किन हे फर्निचर करणारे सुतार स्वतः माश्यांचे शौकीन. त्यांनी नव्या पेट्या बनवून द्यायला सुरुवात केली. ५ ऑक्टोबर १८५२ रोजी लँगस्ट्रॉथना ९३०० क्रमांकाचं पेटंट मिळालं. पण त्याच वर्षी आजार उलटला, शाळा बंद करावी लागली आणि ते पुन्हा ग्रीनफिल्डला गेले.

तिथे त्यांनी पुस्तक लिहिलं. मधाची पेटी आणि मधमाशी या विषयावरचं हे पुस्तक १८५३ मध्ये निघालं. ॲनाबाईंनी छपाईसाठी पानांमागून पानं स्वच्छ उतरवून काढली. त्यांचं नाव पुस्तकावर नाही, पण त्या नसत्या तर पुस्तक त्या वर्षी छापखान्यात पोहोचलं असतं असं वाटत नाही. पुस्तकात लँगस्ट्रॉथ ह्युबर यांचं ऋण मोकळेपणाने मान्य करतात. पुढे शार्ल दादां यांनी ते सुधारून १८८९ च्या सुमारास नव्याने काढलं आणि त्या घराण्याने त्याच्या आवृत्त्या चालू ठेवल्या.

याच काळातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावचे सॅम्युअल वॅग्नर हे बँकेतले गृहस्थ. त्यांनी झिएरझोन यांच्या जर्मन ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद तयार ठेवला होता. लँगस्ट्रॉथ यांचं काम बघितल्यावर त्यांनी तो छापायचा विचार सोडला आणि हस्तलिखित लँगस्ट्रॉथ यांच्या हवाली केलं. अमेरिकेला जे हवं ते हा माणूसच देईल, असं त्यांचं मत झालं. हेच वॅग्नर १८६१ मध्ये अमेरिकन बी जर्नल या मासिकाचे संपादक झाले.

पेटंट होतं, पैसा नव्हता

चौकट बघितली की कोणत्याही सुताराला ती करता येत होती. देशभर नकला निघाल्या. कुणी कोपऱ्यात एखादा खिळा वेगळा मारला आणि स्वतःचं पेटंट घेतलं, तर कुणी काहीच न सांगता पेट्या विकल्या. पेटंटचे हक्क प्रदेशवार विकले जात होते, पण वसुली करायला हिंडणारा, भांडणारा, कोर्टात उभा राहणारा माणूस लागतो. लँगस्ट्रॉथ यांचा तो पिंड नव्हता. त्यातून ऐन लढाईच्या वेळी आजार त्यांना अंथरुणावर पाडायचा. विरुद्ध पक्ष युरोपातल्या जुन्या पेट्यांचे दाखले काढून म्हणायचा, यात नवं ते काय?

या वादात दोन्हीकडे थोडं तथ्य आहे. चौकटी आधीही होत्या. पण चौकटीच्या सर्व बाजूंनी माशीच्या मापाची वाट सोडून, वरून उघडणारी, कुणालाही परवडेल अशी पेटी लँगस्ट्रॉथ यांचीच. जर्मनीत बॅरन फॉन बेर्लेप्श हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे चौकटीपर्यंत पोहोचले होते, मात्र जग वापरू लागलं ते लँगस्ट्रॉथ यांच्या रचनेवरच्या पेट्या. पेटंटची मुदत १४ वर्षांनी संपली, १८६६ मध्ये आणखी ७ वर्षं वाढवून मिळाली, आणि तीही सरली. खटल्यांत गेलेला पैसा पेट्यांतून आलेल्या पैशापेक्षा कमी नसावा.

१८५८ मध्ये कुटुंब ओहायो राज्यातल्या ऑक्सफर्ड गावी स्थायिक झालं. घराभोवती १० एकर जमीन होती. तिथे त्यांनी माश्यांसाठी सफरचंद आणि लिंडनची झाडं लावली, बकव्हीट आणि क्लोव्हर पेरलं. मुलगा जेम्स हाताशी होता. इटलीतून आणलेल्या शांत स्वभावाच्या पिवळसर माश्या तेव्हा अमेरिकेत नव्या होत्या. बापलेक त्यांच्या राण्या तयार करून विकू लागले. सुरुवातीला एका राणीला २० डॉलरपर्यंत किंमत मिळायची. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. एक गंमत इथे सांगायला हवी. अमेरिकेत मुळात ही मधमाशी नव्हतीच. युरोपीय वसाहतवाल्यांनी सतराव्या शतकात ती जहाजातून आणली होती. म्हणजे पेटी अमेरिकन, पण तिच्यातला जीव परदेशी.

ऑक्सफर्डचे काही हंगाम चांगले गेले. मग १८७० मध्ये जेम्स वारला. १८७३ मध्ये ॲनाबाई गेल्या. पेट्यांमधलं जड काम एकट्याने होईना, आणि आजाराचे झटके तर चालूच होते. मधमाश्यांचा व्यवसाय त्यांनी आवरता घेतला.

पेटीची पुढची गंमत

लँगस्ट्रॉथ घरात बसून असताना त्यांची चौकट मात्र नवनव्या यंत्रांना जन्म देत होती. जर्मनीत मेरिंग यांनी १८५७ मध्ये मेणाचा ठसा उठवलेला पत्रा केला. चौकटीत मेणपत्रा लावला की माश्या सरळ रेषेत पोळं बांधतात. १८६५ मध्ये ह्रुश्का यांनी गरगर फिरवून मध काढायचं यंत्र लोकांपुढे आणलं. सुटी चौकट नसती तर त्यात फिरवणार काय? माश्यांचं मेण बनवण्याचं श्रम वाचलं आणि मध वाढला.

भारतात ही पेटी जशीच्या तशी चालली नाही. आपली सातेरी माशी युरोपीय माशीपेक्षा लहान, तिची वसाहत लहान, म्हणून तिला लागणारी वाटही थोडी अरुंद. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातले फादर न्यूटन यांनी १९११ ते १९१७ या काळात सातेरीच्या मापाची छोटी पेटी केली आणि लोकांना शिकवलं. तत्त्व लँगस्ट्रॉथ यांचंच, माप सातेरीचं. सह्याद्रीत सातेरी पाळली जाते ती अशाच छोट्या घडणीच्या पेट्यांत. १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था सुरू झाली. महाबळेश्वरला राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे आणि तिथून जवळच असलेलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. सपाटीवरच्या सूर्यफुलाच्या किंवा डाळिंबाच्या शेतात मेलिफेरा माश्यांच्या १० चौकटींच्या मोठ्या पेट्या दिसल्या, तर त्या मात्र थेट लँगस्ट्रॉथ घडणीच्या असतात. त्यांची मापंसुद्धा अजून १८५२ च्या घराण्यातलीच आहेत. आग्या माशी मात्र कुठल्याच पेटीत बसत नाही. ती उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते आणि तिच्यापुढे लँगस्ट्रॉथ यांचंही काही चाललं नसतं.

शेवटचं संमेलन

१८८७ मध्ये लँगस्ट्रॉथ मुलीच्या कुटुंबाबरोबर ओहायोतल्या डेटन शहरात राहायला गेले. मधमाशीपालकांच्या संघटना तोवर जागोजागी उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांची वार्षिक संमेलनं भरत. कुणी आजारांवर बोले, कुणी थंडीत माश्या कशा जगवायच्या यावर, कुणी मधाच्या भावावर. ज्यांच्या पेटीमुळे हे सगळे लोक एकत्र येत, ते स्वतः बहुतेक वेळा तब्येतीमुळे गैरहजर. बरं वाटत असेल त्या महिन्यांत मात्र पत्रं लिहीत, मासिकांतून लेख देत. जवळून ओळखणारे सांगत की बऱ्या दिवसांतले लँगस्ट्रॉथ भरभरून बोलणारे, विनोदी, कुणालाही हातचं न राखता शिकवणारे असत.

सप्टेंबर १८९५ मध्ये कॅनडातल्या टोरांटोला उत्तर अमेरिकेतल्या मधमाशीपालकांचं संमेलन भरलं. लँगस्ट्रॉथ ८४ वर्षांचे होते. मुलीला सोबत घेऊन ते गेले. पेटीत हात घालणाऱ्या कित्येकांनी ज्यांचं फक्त नाव ऐकलं होतं, तो माणूस समोर उभा होता. जुन्या काळाबद्दल ते सविस्तर बोलले.

महिनाभरातच, ६ ऑक्टोबर १८९५ ला, रविवारी ते डेटनच्या वेन ॲव्हेन्यू चर्चमध्ये प्रवचनाला उभे राहिले. विषय होता ईश्वराचं प्रेम. सुरुवातीची काही वाक्यं बोलून झाली आणि तिथेच, प्रवचन देतानाच त्यांचा प्राण गेला. आदल्याच दिवशी त्यांच्या पेटंटला ४३ वर्षं पूर्ण झाली होती.

डेटनच्या वुडलँड दफनभूमीत त्यांची समाधी आहे. याच दफनभूमीत त्याच शहरातले सायकल दुरुस्त करणारे दोन भाऊ, ऑर्व्हिल आणि विल्बर राइट, पुढे विसावले. राइट बंधूंच्या विमानाने पूर्ण फेरी मारली ती २० सप्टेंबर १९०४ ला. ती डोळ्यांनी बघून पहिल्यांदा सविस्तर लिहिली मेडिना गावच्या ए. आय. रूट यांनी. रूट यांचा कारखाना लँगस्ट्रॉथ घडणीच्या पेट्या बनवत असे, आणि तो मजकूर जानेवारी १९०५ मध्ये छापला गेला तो त्यांच्याच मधमाशीपालनाच्या मासिकात.